पुरस्कारांच्या टेबलावरचे खलील भाऊसाहेब

नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मी रुजू झाले तेव्हा पहिल्यांदा नजरेला पडलं ते दाभण. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या कोपऱ्यात, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून सरकारी फाइल शिवत बसले होते. आजूबाजूला फोन वाजत होते, लोक अर्ज घेऊन ताटकळत उभे होते, आणि हे गोधडीला टाके घालावेत तसे शांतपणे कागदांना टाके घालत होते. नेमणुकीचा आदेश हातात धरून मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मान वर न करताच त्यांनी विचारलं,

"नव्या?"

"हो. लातूरहून आलेय."

"अच्छा. मग हा दोरा जरा धरा, ताई. ताणून."

मी दोरा धरला. माझी नोकरी अशी सुरू झाली.

ते खलील भाऊसाहेब. आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची जुनी पद्धत आहे. आता पोरं 'सर' म्हणतात, पण खलील भाऊसाहेबांना 'सर' म्हणलं की ते मागं वळून पाहायचे, कोणी साहेब आला की काय म्हणून. त्यांचे वडील जिल्दसाज, आजोबाही जिल्दसाज. जुन्या नांदेडातल्या एका अरुंद गल्लीत त्यांचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं. मुलानं सरकारी नोकरी धरली, पण हातातलं दाभण काही सुटलं नाही. टॅग लावलेली फाइल त्यांना बघवत नसे. "टॅग सुटतो, कागद गळतो. मग कोणाला तरी त्या एका कागदासाठी पुन्हा गावाहून यावं लागतं," असं म्हणत आणि दोरा ओवायला घेत.

त्यांच्याकडं होतं पुरस्कारांचं टेबल. पद्म पुरस्कार, जीवन रक्षा पदक, असल्या राष्ट्रीय सन्मानांसाठी जिल्ह्यातून ज्या शिफारशी जायच्या त्या या टेबलावर तयार व्हायच्या. कार्यालयात हे टेबल म्हणजे अडगळ समजलं जाई. इथं गर्दी नाही, कोणी ओळख ठेवत नाही, आणि पाठवलेल्या कागदाचं उत्तर वर्षानुवर्षं येत नाही. नवा माणूस इथं आला की सहा महिन्यांत बदली मागायचा. खलील भाऊसाहेबांनी हे टेबल मागून घेतलं होतं आणि एकूण अकरा वर्षं सोडलं नाही.

"इथं काय ठेवलंय, भाऊसाहेब?" मी एकदा विचारलं. जेवणाची सुट्टी होती. त्यांच्या डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा होता, आणि नेहमीप्रमाणं अर्धा माझ्या झाकणात आला होता.

ते म्हणाले, "माझे दादा, म्हणजे आजोबा, सांगायचे. निजामाच्या राज्यात किताब मिळायचे. कोणी जंग, कोणी दौला. हुजूरांची मर्जी झाली की माणूस रातोरात मोठा. दादांनी अशा एका बड्या माणसाच्या वह्या बांधल्या होत्या. त्या वह्यांवर त्याचं नाव सोन्याच्या अक्षरात काढायला दोन ओळी लागायच्या. नाव इतकं लांब." ते हसले. "मग हे राज्य आलं. संविधानानं ते सगळे किताब बंद करून टाकले. नंतर राष्ट्रपती महोदयांनी अधिसूचना काढली आणि पुरस्कार सुरू केले. पण कसे? नावाच्या पुढं-मागं लावायचे नाहीत. मर्जीवर द्यायचे नाहीत. नियम ठरवला, समिती ठरवली. आणि तो नियम दिल्लीहून निघून पार या टेबलापर्यंत आला. आता देगलूरच्या कोण्या म्हातारीनं काही चांगलं केलं, तर ते राष्ट्रपती महोदयांना कळायला एकच रस्ता हाय. तो इथनं जातो. शेवटचा शब्द त्यांचा. पहिला शब्द आपला."

'राष्ट्रपती' हा शब्द त्यांच्या तोंडून 'महोदय' जोडल्याशिवाय निघायचा नाही. घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. राष्ट्रपती बदलले, तरी भाऊसाहेबांचे राष्ट्रपती महोदय तेच राहायचे. कोणी चेष्टेनं म्हणालं की अहो, ते तर नुसती सही करतात, तर भाऊसाहेब शांतपणे विचारायचे, "तुम्ही कधी सही करण्याआधी कागद वाचलाय का?" आमच्याकडं तो प्रश्न बराच अवघड होता.

लिहिण्याच्या बाबतीत ते फार कडक होते. त्यांच्याकडं दोन पेनं असत. निळ्या पेनानं कच्चा मसुदा, काळ्यानं पक्का. माझ्या पहिल्या मसुद्यात मी एका शिक्षकाबद्दल 'थोर, निःस्वार्थी, तळमळीचे व ध्येयवादी' असं लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी निळ्या पेनानं चारही शब्द खोडले आणि कागद मला परत दिला. "आता बघा, माणूस उरतो का." वाक्यात 'शिक्षक आहेत' एवढंच उरलं होतं. मला राग आला. संध्याकाळी मी त्या शिक्षकाच्या गावी फोन लावला, आणि तो रोज सकाळी शाळेआधी तांड्यावर जाऊन कोणाकोणाला हाताला धरून आणतो हे विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते लिहिलं. भाऊसाहेबांनी वाचलं, काळं पेन काढलं.

एकदा एका संस्थेचे अध्यक्ष आले. बडं प्रस्थ होतं. बरोबर तीन माणसं आणि त्या तिघांच्या हातात तीन जाडजूड ग्रंथ. अध्यक्षांना पद्म पुरस्कार हवा होता. अर्ज आता ऑनलाइन भरतात, कोणीही कोणासाठीही भरू शकतं, पण यांना जिल्ह्याची शिफारसही पाहिजे होती. भाऊसाहेबांनी पहिला ग्रंथ हातात घेतला, पाठीवरून बोट फिरवलं, आतले टाके बघितले.

"जिल्द लई सुंदर हाय," ते मनापासून म्हणाले. "कुठं बांधली?"

अध्यक्ष खूश झाले. मग भाऊसाहेबांनी आत उघडलं. सत्काराचे फोटो, हारांचे फोटो, उद्घाटनाच्या फितींचे फोटो. त्यांनी सावकाश सगळी पानं उलटली. मग म्हणाले, "साहेब, कार्याची माहिती आठशे शब्दांत द्यायची असते. तेवढीच जागा हाय."

"आठशे? माझं काम आठशे शब्दांत कसं मावणार?"

"तर मग चारशेच लिहू. या तिन्हींत तुम्ही स्वतः काय केलं, तेवढं सांगा. मी लिहून घेतो."

अध्यक्ष खुर्चीवर पुढं सरकून बसले. सांगायला लागले, थांबले, बरोबरच्या माणसांकडं पाहिलं. शेवटी दुष्काळात एका वर्षी त्यांनी चारा छावणी चालवली होती ती हकिगत निघाली. तीन महिने ते स्वतः तिथं झोपले होते. हे त्या तीन ग्रंथांत कुठंच नव्हतं, कारण त्याचा फोटो काढायला तेव्हा कोणी नव्हतं. भाऊसाहेबांनी ते सगळं मन लावून लिहून घेतलं आणि नियमाप्रमाणं पुढं पाठवलं. त्या माणसाची थट्टा मी नंतर करायला गेले तर म्हणाले, "असं नका, ताई. छावणी खरी होती."

त्यांच्या या अकरा वर्षांत आमच्या टेबलावरून गेलेल्या एकाही शिफारशीला दिल्लीहून होकार आला नव्हता. याचं त्यांना वाईट वाटत असणार, पण बोलून दाखवत नसत. दर वर्षी पंचवीस जानेवारीला, दिल्लीची यादी यायच्या दिवशी, दुपारनंतर त्यांचं कामात लक्ष लागायचं नाही, एवढंच. पाणी प्यायला उठायचे आणि परत यायला विसरायचे.

त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं तेव्हाची गोष्ट आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. गोदावरीला पाणी चढलेलं असताना घाटाजवळ एक विवाहिता नदीत पडली आणि लिंबाजी नावाच्या नावाड्यानं तिला वाचवलं. भाऊसाहेबांनी ती बातमी कात्रीनं कापली आणि म्हणाले, "ताई, रविवारी नदीवर यायचं का?"

लिंबाजी होडी उलटी घालून तिला डांबर फासत होता. पन्नाशीचा, काटक, एका कानानं कमी ऐकू येणारा. आम्ही कशासाठी आलो ते त्याला समजेना.

"पदक? ते कशाला? बाई वाचली न्हव का?"

"राष्ट्रपती महोदयांनी तसा नियमच केलाय, लिंबाजी. कोणी स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याचा वाचवला, तर देशानं त्याची नोंद घ्यायची."

"ते सोता येतेत का इथं?"

"न्हाई. मंजुरी त्यांची. पदक इथंच, नांदेडला मिळतं."

"मग ठीक हाय. दिल्लीला मला काही जमायचं न्हाई. होडी कोन बघंल?"

भाऊसाहेबांनी त्याचा जबाब तिथंच, उलट्या होडीवर वही टेकवून लिहून घेतला. लिंबाजीनं सांगितलं, "बाई वाहून चालली व्हती. मी उडी मारली. केस धरले. आनली." झालं. मी म्हणाले, अजून थोडं सांगा ना, पाणी किती होतं, किती वेळ लागला. भाऊसाहेबांनी मला हातानंच थांबवलं. त्या वाक्यांत त्यांनी एक मात्राही बदलली नाही. परतताना ऑटोत ते जबाब पुन्हा पुन्हा वाचत होते. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिला नव्हता.

पुढचे दोन महिने ते त्या एका फाइलच्या मागं होते. पोलिसांचा पंचनामा आणला, दवाखान्याचा दाखला आणला, घाटावरच्या फुलवालीचा आणि एका भाविकाचा जबाब घेतला. फक्त एक कागद राहिला होता. वाचलेल्या बाईचा. पोलिसांच्या कागदावर 'पाय घसरून पडली' असं होतं. ती आता सासरी नव्हती, अहमदपूरला आईकडं होती. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही.

अहमदपूरला निघायच्या आदल्या दिवशी लिंबाजी स्वतः कार्यालयात आला. जिना चढून येणं त्याला नवीन होतं, दारातच उभा राहिला. भाऊसाहेब त्याला बाहेर कठड्यापाशी घेऊन गेले. मी जवळच होते.

"भाऊसाहेब, तुमी तिला भेटायला चाललाव म्हनं. एक सांगायचं राहिलं व्हतं. पाय घसरला न्हाई." त्यानं आवाज खाली आणला. "मी केस धरले तवा ती म्हनली, सोडा मला. दोनदा म्हनली."

 भाऊसाहेब फक्त "हाव" म्हणाले आणि त्याला चहा पाजून पाठवलं.

आम्ही एस.टी.नं अहमदपूरला गेलो. मार्केट यार्डाच्या मागं दोन खोल्यांचं घर होतं. दारात तिची आई. आत मशीनवर ती बसलेली, बावीस-तेवीसची असेल, ब्लाउजला अस्तर लावत होती. आम्ही कार्यालयातून आलोय म्हणताच आईचा चेहरा उतरला. भाऊसाहेब खाली सतरंजीवर बसले आणि मशीनकडं बघत म्हणाले, "दोरा तुटून राहिला का, बेटी? आवाज येऊन राहिला तसा."

ती म्हणाली, "हो. सकाळपासून तुटतोय."

"बघू?"

त्यांनी बॉबिन काढली, पुसली, स्क्रू अर्धा फेरा सैल केला. चिंधीवर चार टाके घालून बघितले. तिनं घालून बघितले. दोरा तुटला नाही. मग चहा आला. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी नदीचं नाव काढलं नाही. ब्लाउजच्या गळ्यांबद्दल, अस्तराच्या कापडाबद्दल दोघांचं बोलणं चाललं होतं, आणि ती हळूहळू नीट वर बघून बोलायला लागली होती.

आईनंच शेवटी विचारलं. "साहेब, काम काय होतं?"

भाऊसाहेबांनी सगळं सरळ सांगितलं. लिंबाजीला पदक मिळावं म्हणून कागद चाललेत. त्यात वाचलेल्या माणसाचा जबाब लागतो. नाव, गाव, काय झालं ते. हे कागद मुंबईला जातील, मग दिल्लीला.

आई म्हणाली, "म्हंजे पुन्हा सगळीकडं तेच."

ती मुलगी मात्र म्हणाली, "मी देते जबाब. त्यांच्यामुळं मी हाय. त्यांना मिळालंच पाहिजे." मग खाली बघून विचारलं, "पाय घसरला असंच लिहायचं ना?"

मला वाटलं, झालं. भाऊसाहेबांच्या पिशवीत कोरा कागद होता, शाईचं पॅड होतं. मी पिशवीकडं हात नेला. पण ते म्हणाले, "थांबा, ताई."

ते तिच्याकडं वळले. "बेटी, हा कागद राष्ट्रपती महोदयांपर्यंत जाणार हाय. त्यावर मला खोटं लिहून घेता येत न्हाई. आणि खरं मी तुझ्याकडून लिहून घेणार न्हाई. तुझं ते कोण्या सरकारी कपाटात राहावं, असं मला वाटत न्हाई. तू मशीन चालव."

"पण मग त्यांचं पदक?"

"ते मी बघतो."

निघताना तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावायला पाहिलं, त्यांनी मध्येच तिचा हात धरला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. बसमध्ये अख्ख्या प्रवासभर भांडले. पोलिसांनी ते वाक्य आधीच लिहिलंय, आपण फक्त पुन्हा लिहायचं, कोणाचं काय नुकसान होतं? मुलगी स्वतः तयार आहे. अकरा वर्षांत ही एक फाइल धड जाईल अशी, आणि तुम्ही तीच बुडवताय. शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. हरभऱ्याची शेतं मागं जात होती. लोह्याजवळ बस थांबली तेव्हा म्हणाले, "लिंबाजीला विचारू. पदक त्याचं हाय. माझं न्हाई."

लिंबाजीला विचारलं. त्यानं नीट ऐकावं म्हणून भाऊसाहेब त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसले होते. सगळं ऐकून तो म्हणाला, "तिचं नाव नका घालू, भाऊसाहेब. मी तिला काठावर आनली. आता तुमी कागदावर घालून पुन्हा पान्यात ढकलता का?"

भाऊसाहेबांनी काळ्या पेनानं टिपणी लिहिली: 'वाचविलेल्या व्यक्तीचा जबाब सादर करता येत नाही. प्रकरण बंद करण्यास मान्यता मिळावी.' कारण लिहिलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "कारण मला माहीत हाय, साहेब. आपण मला विचारू नये ही विनंती." साहेब नवे होते, तरणे होते. त्यांनी भाऊसाहेबांकडं बघितलं आणि सही केली. बंद करायची फाइल कोणी शिवत नाही. भाऊसाहेबांनी शिवली. त्यानंतर दोन दिवस ते रजेवर होते. त्यांनी आजारपणाची रजा घेतल्याचं मी तेवढंच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल दिली, नारळ दिला. बोलायला उभे राहिले आणि फक्त "सगळ्यांचे उपकार हायत" एवढं म्हणून बसले. आठशे शब्दांची मर्यादा त्यांनी स्वतःला फारच कडक लावली, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तेही हसले. टेबल माझ्याकडं आलं.

त्याच साली पावसाळ्याच्या शेवटी धरणातून पाणी सोडलं आणि एका पुलावरून ऑटो वाहून गेली. आत चालक आणि एक म्हातारं जोडपं. लिंबाजीनं तिघांनाही काढलं. या वेळी काठावर शंभर माणसं होती, पोलीस होते, आणि तिघंही जबाब द्यायला आपणहून आले. मी प्रत्येकाचं बोलणं त्याच्या शब्दांत लिहिलं. म्हातारीनं सांगितलं, "माझ्या मालकाला आधी न्या म्हनले तर तो म्हनला, आजी, वाद घालू नका." मी तेही तसंच ठेवलं.

मसुदा घेऊन मी भाऊसाहेबांच्या घरी गेले. सगळा वाचून झाल्यावर त्यांनी शेजारचं निळं पेन उचललं.  त्यांनी एकाच जागी रेघ मारली. 'स्वतःच्या जिवाची पर्वा न करता' हे शब्द गेले.

"भाऊसाहेब, हे तर सगळ्याच शिफारशीत असतं."

"सगळ्यात असतं, म्हणूनच. त्यानं दोरी कमरेला बांधली होती का न्हाई?"

"बांधली होती."

"दुसरं टोक कोणाकडं दिलं?"

"झाडाला बांधलं. गाठ दोनदा बघितली म्हणाला."

"मग त्यानं जिवाची पर्वा केली. जिवाची किंमत माहीत होती, तरी पाण्यात गेला. ते लिहा."

मी ते लिहिलं. जातेवेळी त्यांनी मला थांबवलं, आत गेले आणि दाभण-दोरा घेऊन आले. फाइल त्यांनीच शिवली. या वेळी दोरा ताणून धरायला मला सांगावं लागलं नाही.

मंजुरी यायला दुसरं वर्ष उजाडलं. पंचवीस जानेवारीला दुपारी यादी आली. राष्ट्रपतींनी मान्यता दिलेल्या नावांत लिंबाजीचं नाव होतं. मी ते तीनदा वाचलं आणि भाऊसाहेबांना फोन लावला.   ते म्हणाले, "नावाचं स्पेलिंग बघितलं का?"

"बरोबर आहे."

"वडलांचं नाव?"

"तेही बरोबर आहे, भाऊसाहेब."

"अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले, आणि मग लाइन गेली, किंवा त्यांनी ठेवली.

पदक नांदेडलाच दिलं गेलं, पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर. मी भाऊसाहेबांसाठी पुढची खुर्ची राखली होती. ते तिथं बसले नाहीत. पार मागं, लिंबाच्या झाडाखाली, शाळेच्या मुलांच्या पालकांत उभे होते. लिंबाजी नव्या पांढऱ्या सदऱ्यात वर गेला. त्याच्याबद्दलचं निवेदन वाचलं गेलं, त्यात आम्ही लिहिलेल्या ओळी होत्या. 'दोरीची गाठ दोनदा तपासून' हे शब्द मैदानावरच्या भोंग्यातून ऐकू आले तेव्हा मी मागं वळून पाहिलं. भाऊसाहेब शेजारच्या अनोळखी माणसाला हातानं गाठ कशी मारायची ते दाखवत होते.

खाली उतरल्यावर लिंबाजी सरळ त्यांच्याकडं गेला. पदकाची डबी त्यांच्या पुढं धरली. भाऊसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, तळहातावर पसरला आणि त्यावर डबी घेतली. बघितली. परत दिली.  अहमदपूरच्या त्या मुलीची आठवण मला तेव्हा आली. तिचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे आणि ते चांगलं आहे. एवढंच सांगते.

शेवटची काही वर्षं भाऊसाहेब लातूरला मुलीकडं होते. मीही सुट्टीत माहेरी गेले की त्यांना भेटून यायची. डोळ्यांनी फार कमी दिसायला लागलं होतं. मुलगी म्हणायची, अब्बा दिवसभर रेडिओ ऐकतात, बातम्या झाल्या की बंद करतात. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटची भेट झाली ती सव्वीस जानेवारीची दुपार होती. गच्चीवर ऊन होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते पेरू खात होते, अर्धा माझ्यासाठी ठेवला होता.

"यादी आली असंल," ते म्हणाले.

"आलीय. आपल्या जिल्ह्यातलं कोणी नाही, भाऊसाहेब."

"न्हाई तर न्हाई. वाचा की."

"सगळी?"

"सगळी. जीवन रक्षावाली. आपल्याला काय घाई हाय?"

मी मोबाइलवर यादी उघडली आणि वाचायला लागले. पहिलं नाव वाचलं. ते पेरू बाजूला ठेवून सावरून बसले, म्हणाले, "मुबारक." मला वाटलं माझ्याशी बोलतायत. दुसरं नाव वाचलं. पुन्हा "मुबारक." तेव्हा कळलं. मी वाचत गेले. केरळमधला कोणी होता, बिहारमधली कोणी होती, डोंगराळ राज्यांमधली नावं होती, जी माझ्या जिभेला वळेनात. एका नावावर मी अडखळले आणि अंदाजानं पुढं गेले.

"थांबा," ते म्हणाले. "ते पुन्हा वाचा. हळू. नाव नीट घ्या, ताई. त्याच्या आईनं ठेवलंय ते."

मी अक्षर अक्षर लावून ते नाव पुन्हा वाचलं. त्यांनी ते स्वतःशी म्हणून बघितलं, एकदा, दोनदा, बरोबर येईपर्यंत. मग नीट दिसत नसलेल्या डोळ्यांनी समोरच्या उन्हाकडं बघत म्हणाले,

"मुबारक. हां, पुढचं?"